'तुम्ही बसा हो' म्हणत आम्हीच आण्णांना बसवलं

दोन वर्षांखाली आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, गावाकडून लातूरला आणलं. वय ७४. गावी रोज भाकरी खाऊन पायी शेतातल्या आखाड्यावर जायचे, दिवस मावळताना परत. इथं आम्ही त्यांना सोफा दिला, रिमोट दिला, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात. दूध आणायला उठले की घरातले सगळे एकदम, "तुम्ही बसा हो आण्णा, कशाला तरास!"

गेल्या दिवाळीत पाहुण्यांकडं पंगतीवरून उठायची वेळ आली. आण्णांनी आधी डावा हात टेकला, मग उजवा, मग शेजारच्याचा खांदा धरला. तरी उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. कुणीतरी म्हणालं, "वय झालं आता." अहो, पावणेदोन वर्षांत वय पावणेदोनच वर्षांनी वाढलं होतं. मांड्या मात्र पार वाळल्या होत्या.

मग मी जरा वाचायला लागलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम कष्टाची हालचाल सांगितलीय. तेवढ्यावर भागत नाही. किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळायचे. आपण पहिल्यावरच थांबतो, "फिरतात की रोज!" फिरणं चांगलंच, पण मोरीत पाय घसरला तर सावरायला मांडीत जोर लागतो. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेलं माणूस प्रत्येक गल्लीत एखादं तरी असतंच.

पैठणहून नाथांच्या पालखीसोबत पायी पंढरपूरला जाणारे सत्तरीचे म्हातारे बघा. त्यांनाही घरचे 'बसा' म्हणतच असतील. ते ऐकत नाहीत, एवढंच.

आईचं तर विचारूच नका. ती दिवसभर कामात असते म्हणून तिला व्यायामाची गरज नाही, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलेलं. बूट आणले, तर लुगड्यावर घालायला लाजते. अजून खोक्यातच आहेत.

आण्णांना बीपीची गोळी आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं. आता रोज सकाळी खुर्ची भिंतीला टेकवायची, हातांचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं. आकडे मोजायला त्यांना आवडत नाही. एका खेपेला एक 'रामकृष्णहरी'. पहिल्या दिवशी चार झाले, तेही हात टेकून. आता अकरा होतात. मग ओट्याला धरून टाचा वर-खाली. फिरणं गच्चीवरच, कारण आमच्या रस्त्याला फूटपाथ नाही आणि मोकाट कुत्र्यांना म्हातारा माणूस बरोबर कळतो. उन्हाळ्यात हे सगळं सातच्या आत उरकावं लागणार.

दूध आणायचं काम मी परत त्यांच्याकडं दिलंय. पोरीची शाळेची बस कधीकधी चुकते त्यापायी, कारण आण्णा दुकानदाराशी अर्धा तास बोलत बसतात. चालतंय.

ज्वारी काढणीला आली की पंधरा दिवस गावाकडं जाऊ द्या म्हणतात. बायको नको म्हणतेय, भाऊ नको म्हणतोय. आण्णांनी काठी आत्तापासूनच दाराशी आणून ठेवलीय.