पत्र्यात नाही दादा, पत्र्याखाली

दादा, पत्र्याच्या कामात ॲस्बेस्टॉसच्या (उष्णता अडवायला वापरायचे ते तंतूंचं खनिज, त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते) धुळीपासून सांभाळा असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. पत्रा लोखंडाचा, त्यात ॲस्बेस्टॉस आलं कुठून, तुमचे अण्णा चाळीस वर्षं डक्टिंग (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचं काम) करून ८१ व्या वर्षी ठणठणीत आहेत, आणि मी उगाच पोरांना घाबरवून धंद्याची वाट लावतोय, असं तुमचं म्हणणं. राग कळतो मला. साकीनाक्याच्या गाळ्यात अकरा वर्षं मी पण काढलीत, कोणी बाहेरचा येऊन शिकवायला लागला असता तर मी पण भडकलो असतो.

पण पत्र्यात आहे असं मी कुठे म्हणलं? जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा कापा, वाकवा, रिव्हेट मारा, त्यातून ॲस्बेस्टॉस येत नाही. घोळ जुन्या कामात आहे. स्टीमच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं आवरण), बॉयलरच्या दाराची दोरी, फ्लँजमधलं, म्हणजे पाइपांच्या जोडातलं गॅस्केट, फॅन आणि डक्टच्या मधला कापडाचा जोड, यात ते सर्रास वापरायचे. आणि लॅगिंगवर पत्र्याचं क्लॅडिंग, म्हणजे वरचं कव्हर, चढवतं कोण, आपणच ना, आणि तोडायची वेळ आली की पहिली छिन्नी पण आपल्याच माणसाची.

लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारात ऑफिस होणार होतं, तिथे आमचं काम होतं. हेल्पर पोरगा पाइपावरचा पत्रा उचकटत होता, आतून पांढरं भुसभुशीत काहीतरी ढपल्या-ढपल्यांनी पडलं, त्याने ते झाडूने कोपऱ्यात सारलं आणि एक वाजता आम्ही तिथेच डबे उघडले. माझ्या झाकणावर तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखा थर होता, फुंकर मारली आणि जेवलो. ते ॲस्बेस्टॉसच होतं असं छातीठोक सांगणार नाही, कारण तपासलं कोणी? नुसतं बघून ते ओळखता येतच नाही, लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली तुकडा बघावा लागतो.

अण्णांचं ऐकून खरंच बरं वाटलं. पण ॲस्बेस्टॉसच्या धुळीचं फुफ्फुसाचं दुखणं सगळ्यांना होत नाही, आणि ज्याला होतं त्याला धूळ खाल्ल्यावर बहुतेक वेळा वीस-तीस-चाळीस वर्षांनी कळतं, तोवर माणूस गावी गेलेला असतो, दम लागतो तर म्हणतात वय झालं. वर बिडी असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बिडीपेक्षा कितीतरी वाढतो. मेसोथेलिओमाला (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) मात्र बिडीची गरज नाही, नवऱ्याचे धुळीचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना पण तो झालाय.

सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलंय, कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं नाहीतर काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर ठेवा. आता नाक्यावरून रोजावर उचललेल्या पोराचं रेकॉर्ड कोण ठेवतंय, तुम्हीच सांगा.

राहिला धंदा. गिऱ्हाइकाला फक्त एवढंच म्हणा की तोडफोडीआधी लॅगिंगचा तुकडा तपासून द्या, रिपोर्ट आल्यावर रेट देतो. निघालंच तर ते काढायला त्यातली ट्रेनिंग असलेली माणसं आणायची, ग्राइंडर आणि सुका झाडू तर अजिबात नाही, आणि तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, तंतू इतके बारीक असतात की आरपार जातात. दोन कामं हातची जातील, मान्य.

अण्णांना नमस्कार सांगा. आणि जमलं तर विचारा, त्यांच्या टीममध्ये लॅगिंग फोडायला कोण बसायचं, ते स्वतः की हेल्पर, आणि तो हेल्पर आता कुठे असतो.