'बंगाल'ने दोन जपानी क्रूझर बुडवल्या नाहीत

दुसऱ्या महायुद्धातल्या एका भारतीय जहाजाविषयीचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. थोडक्यात तो असा: माझगाव गोदीत बांधलेल्या 'बंगाल' या भारतीय विनाशिकेने १९४२ साली एकटीने दोन जपानी क्रूझर, म्हणजे मोठ्या चिलखती युद्धनौका, बुडवल्या आणि सोबतचा तेलवाहू टँकर सुखरूप बंदरात आणला. जहाजावर कप्तानापासून खलाशापर्यंत सगळे भारतीय होते. त्यानंतर जपानी नौदल हिंदी महासागरात फिरकले नाही, आणि इंग्रजांनी ही लढाई दडपून ठेवली.

लढाई झाली हे खरे. तारीख ११ नोव्हेंबर १९४२, ठिकाण हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात. मजकुरातले बाकीचे जवळजवळ प्रत्येक वाक्य मात्र तपासावे लागते. ते तपासणे महत्त्वाचे आहे, कारण या मजकुराने एका अख्ख्या जहाजाची लढाई आणि त्यावरची मेलेली माणसे गाळून टाकली आहेत.

"विनाशिका", "माझगाव गोदीत बांधलेली"

एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) बंगाल ही विनाशिका नव्हे, ऑस्ट्रेलियाच्या बॅथर्स्ट वर्गातली होती. मुळात समुद्री सुरुंग काढण्यासाठी आखलेली ही जहाजे पुढे सोबतीच्या, म्हणजे एस्कॉर्टच्या, कामाला जुंपली गेली. या वर्गातली एकूण ६० बांधली गेली. त्यांपैकी चार रॉयल इंडियन नेव्हीसाठी, म्हणजे ब्रिटिशकालीन भारतीय नौदलासाठी, होती: बंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. बंगाल सिडनीच्या कॉकाटू गोदीत तयार झाली. २८ मे १९४२ ला ती पाण्यात उतरली आणि ८ ऑगस्टला सेवेत आली, म्हणजे लढाईच्या दिवशी ती जेमतेम तीन महिन्यांची होती. माझगाव गोदीने बांधलेली पहिली मोठी युद्धनौका 'निलगिरी', आणि ती नौदलात आली १९७२ साली.

बंगालचे विस्थापन (वजन) सुमारे ६५० टन, लांबी १८६ फूट, वेग कसाबसा १५ नॉट, म्हणजे ताशी १५ सागरी मैल. मुख्य तोफ एकच, ३ इंची 'बारा पाउंडर'. तिचा गोळा सहा किलोच्या आसपास. जोडीला विमानांवर मारा करणाऱ्या २० मिमीच्या ऑर्लिकन तोफा होत्या, पण हजारो टनांच्या जहाजापुढे त्यांचा काय पाड लागणार! जहाज ओळखायची खूण सोपी आहे: एकच धुराडे, पुढच्या डेकवर एकच तोफ, बाजूवर जे-२४३ हा क्रमांक. मजकुरासोबतच्या चित्रात दोन धुराडी आणि जोडतोफांचे बुरूज दिसले, तर ते जहाज बंगाल नव्हे.

"दोन क्रूझर बुडवल्या"

बुडाले एकच जहाज, होकोकू मारू. दुसरे, आयकोकू मारू, लढाईतून निघून गेले. १७ फेब्रुवारी १९४४ ला प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांवरच्या हल्ल्यात अमेरिकन विमानांनी ते बुडवले.

दोन्ही जहाजे खऱ्या अर्थाने क्रूझरही नव्हती. सुमारे १०,४०० टनांची ही प्रवासी-मालवाहू जहाजे होती, वेग २१ नॉट. त्यांवर १४ सेंमीच्या तोफा, पाणतीर (टॉर्पेडो) सोडायच्या नळ्या आणि पाण्यावर उतरणारी विमाने बसवून त्यांना सशस्त्र लुटारू केले होते. एकट्यादुकट्या व्यापारी जहाजांना गाठणे हे त्यांचे काम. त्याच वर्षी याच जोडीने हिंदी महासागरात जेनोटा आणि हौराकी ही जहाजे पकडली होती आणि एलिसियाला तळाशी धाडले होते.

हा फरक शब्दांपुरता नाही. होकोकू मारू का बुडाली याचे उत्तर त्यातच आहे. क्रूझरला चिलखत असते, दारूगोळ्याची कोठारे आत खोलवर सुरक्षित असतात. प्रवासी जहाजाला चिलखत कसले? पाणतीर उघड्या डेकवर, विमानांचे पेट्रोलही हाताशी. प्रचलित वृत्तांतानुसार पहिला निर्णायक गोळा उजव्या बाजूच्या पाणतीरांच्या नळ्यांवर बसला. आग लागली, पाठोपाठ स्फोट झाले, आणि दीडएक तासात जहाज बुडाले. कप्तान इमाझातो याच्यासह सत्तरहून अधिक माणसे गेली. खऱ्या क्रूझरवर तेवढ्याच वजनाचा गोळा बसता, तर बहुधा तिची नुसती डागडुजी करावी लागली असती.

"एकटीने"

मजकुरातला सर्वात अन्यायकारक शब्द हाच. बंगालसोबत ओंडिना हा डच टँकर होता, ६,३४१ टनांचा. ५ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल बंदर सोडून दोघे हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघाले होते. ओंडिनाच्या पिछाडीला एक ४ इंची तोफ होती आणि तिच्यासाठी गोळे होते फक्त ३२. तोफेवरचे गोलंदाज ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच, असे मिश्र.

बंगालचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन यांच्यासमोरचे गणित सरळ होते. शत्रूचा वेग २१ नॉट, आपला १५, टँकरचा त्याहूनही कमी. पळून सुटका नाही. बंगालने शत्रूला गुंतवले तर टँकरला तासाभरात दहाएक सागरी मैलांची आघाडी मिळण्याची आशा होती. म्हणून त्यांनी ओंडिनाला दूर जायला सांगितले आणि बंगालची नाळ, म्हणजे पुढचे टोक, थेट शत्रूकडे वळवली. १४ सेंमीच्या तोफेचा गोळा ३८ किलोचा, बंगालचा सहाचा. या एका निर्णयासाठी बंगालचे नाव घ्यायलाच हवे. त्याला दुसऱ्या क्रूझरचे ठिगळ कशाला?

पण ओंडिना निमूट निघून गेली नाही. तिचे कप्तान विलेम होर्समन यांनीही तोफ चालवायचा हुकूम दिला. दोन्ही जहाजे एकाच वेळी होकोकू मारूवर मारा करत होती, म्हणून निर्णायक गोळा कुणाचा हा वाद आजवर चालू आहे. सुरुवातीला श्रेय बंगालला मिळाले. आज बहुतेक अभ्यासकांचा कल ओंडिनाकडे आहे आणि आम्हालाही तेच अधिक पटते. ४ इंची गोळा सुमारे १५ किलोचा, म्हणजे बंगालच्या गोळ्याच्या अडीचपट, आणि तोफही अधिक सपाट व लांब मारा करणारी. तरी वजन हा अखेरचा पुरावा होत नाही. गोळा पाणतीरावरच पडला असेल, तर सहा किलोचाही पुरला असता. म्हणून 'बंगाल आणि ओंडिना यांनी मिळून होकोकू मारू बुडवली' एवढेच छातीठोकपणे लिहिता येते.

"टँकर सुखरूप बंदरात आणला"

बंगालने टँकर आणला नाही. बंगालला गोळे लागले, दारूगोळा संपत आला, तेव्हा विल्सन यांनी धुराचा पडदा धरत जहाज लढाईतून बाहेर काढले. ओंडिना आता सुटली असेल हा त्यांचा समज होता. बंगालवर एकही माणूस दगावला नाही आणि १७ नोव्हेंबरला ती दिएगो गार्सियाला पोचली. यात पळपुटेपणा शोधणारेही भेटतात, त्यांचेही चूक आहे. गोळे संपत आलेल्या ६५० टनी जहाजाने तिथेच थांबून आणखी एक जहाज बुडवून घेतले असते, दुसरे काही नाही.

खरी परीक्षा पुढे ओंडिनाची झाली. आयकोकू मारू तिच्यावर वळली. ओंडिनाचे गोळे संपले. होर्समन यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला आणि त्याच सुमारास ब्रिजवर लागलेल्या गोळ्याने ते मारले गेले. माणसे होड्यांत उतरल्यावर आयकोकू मारूने जवळून दोन पाणतीर मारले आणि मग होड्यांवर मशीनगन चालवली. त्यात आणखी खलाशी मेले. टँकर एका अंगावर झुकला, बुडणार असे समजून आयकोकू मारू आपली बुडती माणसे उचलायला गेली. नंतर परतून तिने आणखी एक पाणतीर सोडला, तो चुकला.

ओंडिना का तरली? टँकर रिकामा होता. तेलाने भरलेल्या टाकीत पाणतीर फुटला तर आग आवरत नाही. रिकाम्या टाक्या वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात, दोनतीन फुटल्या तरी उरलेल्या तरंगत ठेवतात. शत्रू दिसेनासा झाल्यावर खलाशी पुन्हा जहाजावर चढले, आग विझवली, विरुद्ध बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन कल सरळ केला, इंजिने चालू केली. संकेतपुस्तके आधीच समुद्रात टाकलेली, त्यामुळे त्यांनी साध्या भाषेत पाठवलेल्या मदतीच्या संदेशावर फ्रीमँटलला लगेच विश्वास बसेना. १८ नोव्हेंबरला ओंडिना स्वतःच्या बळावर फ्रीमँटलला परतली.

"सगळे भारतीय होते"

खलाशी भारतीय होते, कप्तान ब्रिटिश. त्या काळी रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांवर हीच रीत. या नौदलाच्या युद्धापूर्वीच्या भरतीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांचा आणि पंजाबी मुसलमानांचा वाटा मोठा होता, युद्धात भरती देशभर पसरली. त्या खलाशांचा मान मोठा करायला कप्तानाचे नाव पुसायची गरज नाही.

"इंग्रजांनी दडपून ठेवली"

दडपलेल्या लढाईसाठी कुणी पदके वाटत नाही. विल्सन यांना डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळाले. डच सरकारने होर्समन यांना मरणोत्तर मिलिटरी विल्यम ऑर्डर हा शौर्यसन्मान दिला. लढाईला तेव्हाच प्रसिद्धी मिळाली होती, आणि स्वातंत्र्यानंतर हेच जहाज 'आयएनएस बंगाल' म्हणून भारतीय नौदलात राहिले.

"त्यानंतर जपानी फिरकले नाहीत"

सशस्त्र व्यापारी जहाजे धाडून हिंदी महासागरात लूट करण्याचा जपानचा उद्योग या लढाईनंतर थांबला, एवढे खरे. पाणबुड्या येतच राहिल्या. १२ फेब्रुवारी १९४४ ला आय-२७ ने खेदिव इस्माईल हे सैनिकवाहू जहाज बुडवले. मार्च १९४४ मध्ये तोने या खऱ्याखुऱ्या क्रूझरने बेहार हे जहाज बुडवले. आणि ११ फेब्रुवारी १९४४ ला विशाखापट्टणमजवळ आरओ-११० या जपानी पाणबुडीचा निकाल लागला, तो लावणाऱ्या तीन जहाजांत भारताची जमना होती. उरलेली दोन, लॉन्सेस्टन आणि इप्सविच, ऑस्ट्रेलियाची, बंगालच्याच बॅथर्स्ट वर्गातली.