सुधारक सासरा निवडताना घ्यायची काळजी

खानदानी घरातल्या मुलीच्या प्रेमात पडायचंच असेल, तर बाप जुन्या वळणाचा आहे ना, एवढं आधी बघून घ्या. तो मिशीला पीळ देतो, भिंतीवरची बंदूक खाली उतरवतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. सुधारक बापाचं तसं नसतं. तो मुलीला कॉलेजात पाठवतो, विलायत दाखवतो, स्त्रियांच्या हक्कांवर भाषणं देतो आणि पोरीने त्यातलं एखादं मनावर घेतलं की अंथरूण धरतो.

खोटं वाटत असेल तर बडोद्याकडे बघा. सयाजीराव गायकवाडांइतका पुरोगामी संस्थानिक दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी आणलं. बालविवाहाला आळा घालणारा कायदा त्यांनी १९०४ मध्ये केला, म्हणजे शारदा कायद्याच्या पंचवीस वर्षं आधी. महाराणी चिमणाबाईंचं भारतीय स्त्रीच्या स्थितीवरचं पुस्तक १९११ मध्ये निघालं. आणि त्यांच्या शिकल्यासवरल्या लेकीचं, इंदिराराजेंचं, लग्न ठरलं होतं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. वर सोळा वर्षांनी मोठा, पहिली राणी हयात, वाड्यातला पडदा कडक. पण इंग्रजी अमलात संस्थानाचा मान सलामीच्या तोफांवर मोजत, आणि बडोद्याला २१ तोफांची सलामी, ग्वाल्हेरलाही २१. यापेक्षा पत्रिका आणखी किती जुळायची?

त्याच १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबार भरला. महाराजांनी पंचम जॉर्जला धड मुजरा न करता पाठ फिरवली म्हणून साम्राज्यभर गहजब झाला. त्या गडबडीत पाठ फिरवण्याची कला कन्येनेही उचलली. कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण तिच्या मनात भरले. कूचबिहारला तोफा १३, आणि जितेंद्र धाकटे भाऊ, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वाट्याला एकही नाही. तरुणांनो, प्रेमपत्र लिहिण्याआधी तोफा मोजत चला.

आता पत्राचा विषय निघालाच आहे, तर नीट ऐका. इंदिराराजेंनी बापाला पत्र लिहिलं नाही. घरात लग्नाची तयारी सुरू असताना त्यांनी परस्पर नियोजित वरालाच कळवून टाकलं की मला हे लग्न करायचं नाही. हीच पद्धत बरी. बापाला लिहिलंत तर समजूत काढली जाते. नवऱ्यामुलाला लिहिलंत तर त्याच्याकडून थेट बापाला तार येते, आणि मुलीला काय म्हणायचं आहे ते बाप पहिल्यांदाच लक्ष देऊन वाचतो.

पुढे रीतसर समजावणी, भेटीगाठींवर बंदी, सगळं यथासांग झालं. अखेर १९१३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात ब्राह्मो समाजाच्या पद्धतीने लग्न लागलं. माहेरचं कोणी आलं नाही. त्याच वर्षी याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले. देशाची शिवण उसवायला महाराजांची तिजोरी उघडी होती; फक्त घरच्या शालूचा काठ तेवढा कोणी ओढू नये, इतकीच माफक अपेक्षा. (लग्नानंतर थोड्याच दिवसांत जितेंद्रांचे थोरले बंधू वारले आणि जावयाला तेराच्या तेरा तोफा मिळाल्या. हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो, त्यावर विसंबून राहू नका.)

मुलाकडच्यांचीही चौकशी केलेली बरी. जितेंद्रांच्या आईचे वडील म्हणजे ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन. मुलीचं किमान वय चौदा ठरवणारा १८७२ चा विवाह कायदा व्हावा म्हणून झटलेला माणूस. १८७८ मध्ये स्वतःच्या मुलीचं लग्न कूचबिहारच्या राजाशी ठरलं तेव्हा तिला चौदावं पूर्ण होईपर्यंत थांबायला मात्र त्यांना सवड झाली नाही. ब्राह्मो समाजात उभी फूट पडली. सुधारकांची सोयरीक अशी दोन्हीकडून भक्कम असावी.

तुमचा भावी सासरा राजा नसेल. तनखे आणि किताब १९७१ मध्येच गेले, पण ही बातमी पुष्कळ दिवाणखान्यांत अजून पोचलेली नाही. तिथल्या वडीलधाऱ्यांची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात केलेली आहे. लग्नाआधी ३० दिवस तुमची नोटीस कार्यालयात जाहीर लावतात. एवढ्या मुदतीत कोणताही काका दुसऱ्या गावाहून सावकाश येऊ शकतो. मात्र हरकतीला कारण वय, आधीचं लग्न, मनाची स्थिती किंवा निषिद्ध नातं असंच लागतं. कुळी, देवक, वाड्याची चौकट यांना त्यात रकानाच नाही, हे त्यांना हळूच सांगा, बसल्यावर सांगा. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची संमती लागत नाही असं सर्वोच्च न्यायालय २०१८ मध्ये म्हणालं. ते मात्र जेवण झाल्यावर सांगा.

आणि एक राहिलंच. इंदिराराजेंच्या मुलीने, गायत्रीदेवींनी, जयपूरच्या महाराजांशी लग्न करायचं ठरवलं. दोन राण्या आधीच वाड्यात होत्या. ज्या बाईने सवतीच्या घरी जायचं नाकारून अख्खं बडोदं हलवलं, तिची मुलगी तिसरी राणी व्हायला निघाली! आई मनापासून राजी नव्हती. तिने दोघांना थांबायला लावलं. १९४० मध्ये लग्न झालंच. म्हणून पळून जायच्या आधी एक काम उरकून घ्या: पुढे आपल्या मुलीने कोणाकोणाबरोबर पळून गेलेलं आपल्याला चालणार नाही, त्याची यादी दोघांनी बसून आत्ताच करा. नंतर घाई होते.