बातम्या सोडल्या, पण मेगाब्लॉकचं काय?
बातम्या पूर्ण सोडा आणि तो वेळ स्वतःला घडवण्यात घाला, असं एका लेखात वाचलं. अर्धं पटलं. मी बदलापूर ते सीएसएमटी रोज लोकलने जातो. पूर्वी सगळा प्रवास 'ब्रेकिंग'मध्ये जायचा आणि उतरताना डोकं भणभणलेलं (चौथ्या सीटवर अर्धं टेकून दुसरं होणार तरी काय म्हणा). दिवाळीनंतर नोटिफिकेशन बंद केली आणि मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, शिकायला घेतली. आजोबांचं एक खरेदीखत घरात पडून होतं, कुणालाच वाचता येईना. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं काढत नाहीत, शब्दही सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला एकाच ओळीवर मुलुंड ते दादर संपायचं. आता चतुःसीमेपर्यंत, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनापर्यंत, पोचलोय.

पण 'पूर्ण सोडा' हे मुंबईत कसं जमायचं? एका रविवारी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी लोकल बंद) आहे हेच माहीत नव्हतं. सासूबाईंना घेऊन ठाण्याला ताटकळलो, बायको अजून ऐकवते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आम्ही रेडिओला कान लावून बसलो होतो. ती बातमी. कुठल्या नेत्याने कुणाला टोमणा मारला, ती नव्हे.

सध्या सकाळी चहाबरोबर छापील पेपर, पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा, बस. बाकीचं ऑफिसात कुणीतरी सांगतंच, न विचारता.