चहापुरते पाणी

गेल्या शुक्रवारी आमच्या इमारतीचा पंप जळाला. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार हे आधीच जाहीर झाले होते आणि खालची टाकी काठोकाठ भरून ठेवलेली होती. फक्त ते पाणी गच्चीवर चढवणारे यंत्र नेमक्या त्या दिवशी गतप्राण झाले. आमच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, आमचे घर चौथ्या मजल्यावर आहे आणि 15 लिटरच्या बादलीतले पाणी 15 किलो भरते. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात मी दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन जिना चढत होतो, एवढे सांगितले की प्रास्ताविक संपले.

तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडे होते आणि दारात काका उभे होते. पांढराशुभ्र लेंगा, कपाळावर ओले गंध, हातात घडी न मोडलेले वर्तमानपत्र, म्हणजे अंघोळ झाल्याच्या सर्व खुणा अंगावर होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे, मग उजव्या बादलीकडे, मग डाव्या बादलीकडे शांतपणे पाहिले आणि विचारले,

"काय, पाणी भरताय वाटतं?"

या 'वाटतं'विषयी माझ्या मनात फार दिवसांची अढी आहे. पिशवीतून कोथिंबीर डोकावत असताना 'भाजी आणली वाटतं', चपला पायांत असताना 'निघालात वाटतं', आणि तोंडात घास असताना 'जेवताय वाटतं' असे विचारणाऱ्यांना नक्की कोणती शंका असते, हे मला आजवर उमगलेले नाही. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असे भारदस्त नाव दिले. प्रकृतीची विचारपूस, हवापाण्याच्या गोष्टी यांतून माहिती मिळवायची नसते, केवळ माणसामाणसांत धागा जुळवायचा असतो, असे त्याचे म्हणणे होते. ते मला तत्त्वतः मान्य आहे. मात्र दोन्ही हातांत मिळून 30 किलो वजन असताना त्याच्याशी कोणी धागा जुळवायला आले होते की नाही, हे त्याला विचारायला हवे होते.

"हो, भरतोय," मी म्हणालो.

"वा, वा. बाकी? सगळं मजेत ना?"

"मजेत," मी म्हणालो. या प्रश्नाला मराठीत दुसरे उत्तर नाही.

बादल्या खाली टेकवाव्यात तर काकूंनी दारासमोर भलीमोठी रांगोळी काढलेली होती, आणि रांगोळी संपते तिथे काकांच्या चपलांचा स्टँड सुरू होत होता. मी एक पाय वरच्या पायरीवर ठेवून, म्हणजे निघालो आहे हे शरीराने स्पष्ट करून, उभा राहिलो. काकांना ही भाषा वाचता येत नाही.

"तुम्हाला हल्ली वेळच नसतो. एकदा या की निवांत घरी!"

हे आमंत्रण मला गेली नऊ वर्षे आहे. त्याला वार नाही, वेळ नाही, मुदत नाही. दोन घरांमध्ये केवळ अठरा पायऱ्या असूनही ते आजवर कोणत्याही तारखेपर्यंत पोहोचलेले नाही. मी 'येऊ की' म्हणालो, आणि त्याबरोबर बोलणे संपायला हवे होते. पण काकांना त्या दिवशी माणुसकीचा उमाळा आलेला होता.

"आणि हे बघा, काही लागलं तर सांगा. अगदी निःसंकोच. शेजारी असतात कशाला?"

माझ्या बोटांत एव्हाना बादलीच्या कड्या रुतल्या होत्या आणि त्या वेदनेनेच असेल, माझ्याकडून एक शिष्टाचारभंग झाला. मी म्हणालो, "काका, यातली एक बादली जरा वरपर्यंत आणता का?"

काका खरोखर मनापासून हसले. त्यांना हसताना दारावरच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला. "तुम्ही म्हणजे ना!" असे म्हणून त्यांनी आत हाक दिली, "अगं, ऐकलंस का? हे मला बादली धरायला सांगतायत!" इथे नमूद केले पाहिजे की काका रोज पहाटे मासुंदा तलावाला तीन फेऱ्या मारतात आणि त्या फेऱ्यांचा वृत्तान्त दिवसभर जिन्यात सर्वांना पुरवतात. अशक्तपणाचा प्रश्न नव्हता. 'काही लागलं तर सांगा' या वाक्यानंतर कोणी खरोखरच काही सांगते, ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटली होती.

हसण्याचा भर ओसरल्यावर ते म्हणाले, "या, पाणी तरी प्या."

मी माझ्या दोन्ही बादल्यांकडे पाहिले. काकांनी पाहिले नाही.

एवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात तपेली होती. "पाणी नाही, चहाच घ्या," त्या म्हणाल्या, "फक्त आमच्याकडचं जरा जपून वापरतेय, म्हणून म्हटलं, तुम्ही एवढं आणताच आहात तर चहापुरतं यातलंच घेऊ का? तुमचाही घोटभर टाकते."

आणि मी, ज्याला या सर्व कृत्रिमपणाचा मनस्वी तिटकारा आहे, तो मी, काय म्हणालो असेन? "अहो, घ्या ना! त्यात विचारायचं काय?" हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या गोडपणे बाहेर पडले की माझाच क्षणभर त्यावर विश्वास बसला. काकूंनी एक तपेली चहाला घेतली. मग, कपही विसळावे लागतील असे म्हणून, आणखी एक घेतली. त्यानंतर काका प्रेमाने म्हणाले, "बरं, तुम्ही घाईत दिसताय, तुम्हाला अडवत नाही. चहाला या एकदा निवांत," आणि दार लावून घेतले. आल्याच्या चहाचा वास शेवटच्या वळणापर्यंत माझ्याबरोबर आला.

वास्तविक आपल्या भाषेला वेळकाळाचे भान उत्तम आहे. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि जिथे माणूस गेलेला असतो त्या घरातून निघताना तेही म्हणत नाही, मुकाट्याने उठतो. माझे वडील गेले तेव्हा भेटायला आलेले एक गृहस्थ पाऊण तास योग्य ते सर्व बोलले आणि उंबऱ्यावर सवयीने म्हणाले, "बरं, येतो हं, आनंद वाटला भेटून." त्यांनी लगेच जीभ चावली. मला त्यांचा राग आला नाही. उलट त्या दिवसात जीभ चावणारे तेवढे एकच भेटले. बाकीचे 'काही लागलं तर सांगा' म्हणून गेले, आणि तेराव्याला खुर्च्या हलवायला मी आणि मांडववाला असे दोघेच होतो. फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे वीस मिनिटे ऐकवणाऱ्या बाईचाही मला आता तेवढा राग येत नाही, कारण ती निदान ध्वनिमुद्रित आहे.

घरी पोहोचल्यावर पत्नीने बादल्यांत डोकावून पाहिले आणि विचारले, "एवढंसंच?" मी म्हणालो की वाटेत सांडले.

पंप शनिवारी दुरुस्त झाला. रविवारी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. बाहेर काका उभे होते, हातात तीच तपेली, तिच्यात पाणी, वर झाकण. "तुमचं पाणी राहिलं होतं," ते म्हणाले, "व्यवहार चोख असावा." आमच्या घरात त्या वेळी सगळे नळ धो धो वाहत होते. ते ऐकून मी इतका गोंधळलो की तोंडातून तेच बाहेर पडले जे मराठी माणसाच्या तोंडातून दार उघडल्यावर बाहेर पडते: "अहो, कशाला एवढी तसदी! या ना आत, चहा घ्या."

काकांनी चपला काढल्या, आत येऊन पंख्याखालची खुर्ची घेतली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "माझा बिनसाखरेचा बरं का, वहिनी. आणि आलं असेल तर जरा ठेचून घाला."