'न्यू जर्सीत अजून राहताय?' या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या मराठी ग्रुपवर आला, दरवेळी पाठवणारा वेगळा. मजकूर थोडक्यात असा: न्यू जर्सीतून सगळे पळून चाललेत, तिथला टॅक्स म्हणजे लूट आहे आणि टेक्सासमध्ये टॅक्सच नाही, भरलेले पैसे पुढाऱ्यांच्या खिशात जातात, राज्य महाभ्रष्ट असूनही लोकांना काही वाटत नाही, आणि जे अजून तिथे राहतात ते एकतर मूर्ख आहेत नाहीतर राज्य सोडताना भरावा लागतो म्हणतात त्या एक्झिट टॅक्सच्या भीतीने अडकलेत. मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावाजवळ १९ वर्षं राहतेय, दोन मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली, दर तीन महिन्यांनी टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, घराचा टॅक्स भरते आणि तो भरताना मलाही त्रास होतो. त्यामुळे सगळं छान आहे असं मी अजिबात म्हणणार नाहीये. पण मूर्ख आणि अडकलेले हे शब्द वाचून राहवलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"सगळे सोडून चाललेत"

हे कुठून येतं ते आधी सांगते. युनायटेड व्हॅन लाइन्स नावाची सामान हलवणारी कंपनी दरवर्षी यादी काढते, की आमचे ट्रक कुठल्या राज्यातून भरून बाहेर जास्त गेले आणि कुठे जास्त आले, आणि त्यात बाहेर जाणाऱ्यांमध्ये न्यू जर्सी बरीच वर्षं सगळ्यात वर किंवा वरच्या दोन-तीनात असतं. आता ही मोजणी फक्त त्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांची. जो मुलगा हैदराबादहून किंवा पुण्याहून दोन बॅगा घेऊन नेवार्क एअरपोर्टवर उतरतो तो यात कुठेच नाही, इथे जन्मलेलं बाळ यात नाही, आणि न्यू यॉर्कच्या क्वीन्समधून स्वतःच गाडी भाड्याने घेऊन जर्सी सिटीत आलेलं जोडपंही नाही. जनगणना बघा ना, २०१० ला ८७ लाख ९१ हजार लोक होते, २०२० ला ९२ लाख ८८ हजार झाले, म्हणजे दहा वर्षांत जवळपास पाच लाखांनी वाढले. देशातल्या इतर राज्यांशी हिशोब केला तर इथून जाणारे येणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत हे खरंय, ते मी नाकारत नाही, पण परदेशातून येणाऱ्यांनी ती जागा भरून काढलीय. आणि ते परदेशातून येणारे म्हणजे आपणच की. एडिसनला आपल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी पार्किंग शोधून बघा मग सांगा राज्य रिकामं झालंय का.

"टेक्सासमध्ये टॅक्सच नाही"

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही. बरोबर. पण राज्याला शाळा, रस्ते, पोलीस लागतातच ना, मग पैसा येतो कुठून, तर प्रॉपर्टी टॅक्स आणि सेल्स टॅक्समधून. तिथे सेल्स टॅक्स बऱ्याच शहरांत सव्वाआठ टक्के आहे आणि कपड्यांवरही लागतो, आपल्याकडे ६.६२५ टक्के आणि कपड्यांवर, किराण्यावर शून्य. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्सचा दर देशात सगळ्यात वरच्या दोन-तीनांत, सरासरी बिल २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या वर गेलं, त्यात वाद नाही. पण टेक्सासचा दरही वरच्या राज्यांतच मोडतो. माझी मैत्रीण डॅलसच्या बाहेर राहते, घर आमच्यापेक्षा मोठं आणि स्वस्त, तरी टॅक्स नऊ हजाराच्या पुढे, आमचा साडेअकरा, आणि गारपिटीमुळे तिचा घराचा इन्शुरन्स आमच्या दुप्पट. तिने गेल्या चार वर्षांत एकदा अख्खं छप्पर बदललंय.

आता इन्कम टॅक्सचं. लोकांच्या डोक्यात १०.७५ टक्के हा आकडा बसलाय, पण तो दर १० लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर आहे हो. नवरा-बायकोचं मिळून करपात्र उत्पन्न दीड लाख डॉलर असेल तर टप्प्याटप्प्याने १.४ टक्क्यापासून सुरू होऊन एकूण साधारण साडेपाच हजार डॉलर होतात, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आत. शिवाय भरलेल्या प्रॉपर्टी टॅक्सपैकी १५ हजारांपर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा होते. आणि अँकर नावाची योजना आहे, घरमालकाचं उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर दीड हजार डॉलर परत मिळतात, अडीच लाखापर्यंत असेल तर हजार. मला ग्रुपमधल्या निदान तीन जणांनी सांगितलं की त्यांनी कधी अर्जच केला नव्हता! आधी तो करा.

म्हणजे टेक्सास स्वस्त नाही का? आहे. घर स्वस्त आहे, आणि पगार जेवढा जास्त तेवढी बचत जास्त. वर्षाला पाच लाख कमावणाऱ्याला नक्कीच मोठा फरक पडेल. पण मेसेज लिहिणाऱ्याने हे सांगितलं नाही की इन्कम टॅक्स नसलेल्या राज्यात कमी पगाराच्या माणसाच्या कमाईतला मोठा हिस्सा जातो, कारण सेल्स टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स तुमचा पगार बघून लागत नाहीत. दुकानात काम करणाऱ्या, डे केअर चालवणाऱ्या आपल्याही कितीतरी बायका आहेत, त्यांचा हिशोब वेगळा असतो.

"बदल्यात काही मिळत नाही"

माझ्या टॅक्स बिलावर छापलेलंच असतं किती शाळेला, किती टाउनशिपला, किती काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला. निम्म्याहून जास्त शाळेला जातात. न्यू जर्सी एका मुलामागे टेक्सासच्या दुपटीच्या आसपास खर्च करते आणि वाचन-गणिताच्या राष्ट्रीय चाचण्यांत मॅसॅच्युसेट्सबरोबर कायम वर असते.

पण मला आकड्यांपेक्षा एक घरातली गोष्ट सांगायचीय. माझ्या जावेच्या मुलाला अडीच वर्षांचा असताना ऑटिझम असल्याचं कळलं. तो तीन वर्षांचा झाला त्या महिन्यात स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळांच्या, प्रीस्कूलमध्ये त्याचं सुरू झालं, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वर्गात वेगळी मदतनीस, आणि बस दारात. एक पैसा वेगळा भरला नाही. आज तो सहावीत आहे आणि गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्याचा असतो. दिराला मध्यंतरी टेक्सासमध्ये चांगली नोकरी मिळत होती, पगार जास्त, तेव्हा जावेने एक-एक करून सगळं वाचून काढलं. तिथल्या राज्य सरकारने २००४ पासून असा मापदंड ठेवला होता की स्पेशल एज्युकेशनमधली मुलं साधारण साडेआठ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, आणि त्यामुळे हजारो मुलांना मदत नाकारली गेली, हे केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१८ मध्ये कायद्याचं उल्लंघन म्हणून जाहीर केलं. तो मापदंड आता रद्द झालाय, तिथेही चांगल्या शाळा आहेत, पण तिची हिंमत झाली नाही. तिला मूर्ख म्हणायचं असेल तर माझ्यासमोर म्हणा.

आणि बाळंतपणाचं घ्या. न्यू जर्सीत पगारी फॅमिली लीव्ह २००९ पासून आहे, २०२० पासून १२ आठवडे, पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत, वरती एक मर्यादा आहे. बापालाही मिळते, आईवडील आजारी असतील तरी मिळते. टेक्सासमध्ये अशी राज्याची योजनाच नाही.

"राज्य महाभ्रष्ट, लोकांना काही वाटत नाही"

पहिला अर्धा भाग खरा आहे आणि मला त्याची लाज वाटते. १९८१ मध्ये सिनेटर हॅरिसन विल्यम्स लाचखोरीत दोषी ठरले. जुलै २००९ मध्ये एका दिवसात ४४ जणांना पकडलं, त्यात होबोकन, सिकॉकस आणि रिजफील्डचे महापौर होते. आणि इथलेच सिनेटर बॉब मेनेंडेझ, त्यांच्या घरात झडतीत सोन्याच्या विटा आणि ४ लाख ८० हजार डॉलरच्या वर रोकड सापडली, जुलै २०२४ मध्ये सगळ्या १६ आरोपांत दोषी, जानेवारी २०२५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा. मी या माणसाला मत दिलं होतं. एकदा नाही, दोनदा.

पण प्रॉपर्टी टॅक्स त्या सोन्याच्या विटांमुळे वाढलेला नाही. त्याचं कारण आपल्या अंगणात आहे. एवढ्याशा राज्यात ५६४ नगरपालिका आणि सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट. मेटुचन बघा, चारी बाजूंनी एडिसनने वेढलेलं, तीन चौरस मैलांहूनही लहान, तरी शाळा वेगळ्या, पोलीस वेगळे, महापौर वेगळा. प्रिन्स्टनच्या दोन नगरपालिका २०१३ मध्ये एक झाल्या, पण असं क्वचितच घडतं, कारण मतदानाची वेळ आली की लोकांना आपली शाळा आणि आपले पोलीस सोडवत नाहीत. त्यात भर म्हणजे १९९० च्या दशकापासून दोन्ही पक्षांच्या सरकारांनी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे पैसे पूर्ण भरलेच नाहीत, ते २०२१-२२ च्या बजेटपासून पुन्हा पूर्ण भरायला लागले, आणि त्या जुन्या चुकांचं व्याज आपण आज फेडतोय. ही चोरी नाही, हा वाईट कारभार आहे, आणि दोन्हींवर उपाय वेगळे.

"लोकांना काही वाटत नाही" हे मात्र साफ खोटं. इथल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, 'काउंटी लाइन' नावाची पद्धत होती, २१ पैकी १९ काउंट्यांत. पक्षाच्या काउंटी प्रमुखांनी ज्याला पाठिंबा दिला त्याचं नाव मतपत्रिकेवर वरपासून खालपर्यंत एका ठळक रांगेत, आणि बाकीचे उमेदवार कुठेतरी कोपऱ्यात. त्यामुळे पुढारी लोकांना नाही, काउंटी प्रमुखाला घाबरायचे. मेनेंडेझवर आरोपपत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी खासदार अँडी किम त्यांच्या सिनेटच्या जागेसाठी उभे राहिले, समोर तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी, त्यांच्यामागे बहुतेक मोठे काउंटी प्रमुख. किम यांनी मतपत्रिकेच्या या मांडणीविरुद्धच दावा लावला आणि २९ मार्च २०२४ ला फेडरल न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती थांबवली. पुढच्या वर्षी कायदाच बदलला. अनेक दशकांची पद्धत एका वर्षात गेली, कारण इथे राहणाऱ्या लोकांनी काउंटीच्या बैठकांत उभं राहून प्रश्न विचारले. आमच्या ट्रेनमधल्या दोन मराठी मुली त्यासाठी दारोदार फिरल्या, त्यातल्या एकीला तर अजून मतदानाचा हक्कसुद्धा नाही.

"राहतात ते अडकलेत"

काही जण खरंच अडकलेत, पण राज्यामुळे नाही. ज्यांची ग्रीन कार्डची रांग पंधरा-पंधरा वर्षं सरकत नाही त्यांना नोकरी बदलताना दहादा विचार करावा लागतो, ते डॅलसमध्ये असते तरी तसेच अडकले असते. न्यू ब्रन्सविकला जॉन्सन अँड जॉन्सन, राहवेला मर्क, मेट्रोपार्क स्टेशनवरून ट्रेनने पाऊण-एक तासात मॅनहॅटन, म्हणून एकाची नोकरी गेली तर घर न हलवता दुसरी मिळण्याची शक्यता इथे जास्त. दोघं नोकरी करणाऱ्या घराला याची किंमत कळते. ट्रेन उशिरा येतात, २०२४ ला तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं, हडसन नदीखालचा रेल्वेचा बोगदा १९१० चा आहे, सगळं मान्य.

निवृत्त लोकांचं वेगळं. उत्पन्न थांबलं आणि टॅक्स थांबला नाही तर जावंसं वाटणारच, जे गेले त्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही. ६५ च्या पुढच्यांसाठी आता स्टे एनजे योजना आलीय, अर्धा प्रॉपर्टी टॅक्स परत, वर्षाला ६,५०० डॉलरच्या मर्यादेत, तोही हिशोब आधी करून बघा.

राहिला एक्झिट टॅक्स. असा कुठलाही टॅक्स नाही. जे आधीच राज्याबाहेर गेलेत आणि नंतर घर विकतात त्यांच्याकडून इन्कम टॅक्सपोटी आगाऊ रक्कम कापतात, किंमतीच्या किमान दोन टक्के, आणि रिटर्न भरलं की जास्तीची परत येते. इथे राहत असतानाच राहतं घर विकलं तर एक फॉर्म भरायचा, आगाऊ काही कापत नाहीत, आणि जोडप्याला पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर सहसा टॅक्सच नसतो. हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान ती एक ओळ काढून पाठवा. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी तिच्या भीतीने घर विकणं दोन वर्षं लांबवलं, मुलगा नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला बोलावतोय, काकूंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, आणि हे आपले किंमतीच्या दहा टक्के सरकार कापणार असं धरून बसलेले. गेल्या महिन्यात टॅक्सचं काम बघणाऱ्या सीपीएकडे गेले तेव्हा कळलं की त्यांना फक्त सही करायचीय.