बिस्किटं घरी ठेवा रे!

दरवर्षी तेच. मालवणला पाहुणे आले की सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला, म्हणजे तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा मास्क लावून पाण्याखालचे मासे बघायला, न्यायचं काम माझ्याच गळ्यात, आणि दरवेळी बोटीत कुणीतरी माशांना घालायला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढतोच. पाण्यात डोकं घातलं की मासे राहिले बाजूला, नाकासमोर बिस्किटाचा लगदा तरंगतोय! वर दमले की सरळ प्रवाळावर उभे, अरे बाबांनो तो दगड नाहीये, जिवंत प्राणी आहेत ते, वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघासारखंच शेड्यूल 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहे प्रवाळ, पण सांगतोय कुणाला, यांना व्हिडिओसाठी अंगठा दाखवायचाय. आणि हेच लोक, धुकं धरू नये म्हणून स्वतःच्याच मास्कमध्ये थुंका म्हटलं की, "ईईई, काहीतरीच काय!"